नोंद ठेवणारे लोक

ग्वाटेमालाच्या पूर्व भागात, मोताग्वा नदीच्या खोऱ्यात, किरिग्वा नावाच्या एका प्राचीन माया नगराचे अवशेष आहेत. तिथे वालुकाश्माचा एक अखंड स्तंभ उभा आहे. जमिनीत पुरलेला भाग धरून तो साडेदहा मीटर लांब आणि सुमारे ६५ टन वजनाचा आहे. इ. स. ७७१ मध्ये तो उभारला गेला. स्तंभावर राजाची आकृती कोरलेली आहे, बाजूंवर चित्रलिपीतला मजकूर आहे. राजाचं नाव काक तिलीव चान योपात. मूळचा हा कोपान या माया नगरराज्याच्या बलाढ्य राजाचा मांडलिक. ७३८ मध्ये त्याने आपल्याच अधिपतीला कैद करून त्याचा शिरच्छेद केला आणि ती घटना तारखेसह दगडावर कोरून ठेवली.

या अवशेषांपर्यंत पोहोचायला केळीच्या बागांमधून जावं लागतं. १९१० मध्ये युनायटेड फ्रूट कंपनी या अमेरिकी कंपनीने हा सगळा परिसर विकत घेतला. अवशेषांभोवतीचा जंगलाचा एक तुकडा तिने राखला आणि उरलेल्या जमिनीवर केळी लावली.

दगडावर माया राजांचा इतिहास आणि दगडाभोवतीची जमीन परक्याच्या नावावर! माया लोकांच्या गेल्या पाचशे वर्षांच्या संघर्षाची दोन्ही टोकं इथे भेटतात. नोंद कोणी ठेवायची, आणि जमीन कोणाच्या नावावर असायची? या लोकांच्या पोथ्या जाळल्या गेल्या, जमिनी काढून घेतल्या गेल्या, माणसं मारून गुपचूप पुरली गेली. दर वेळी त्यांनी नव्या साधनाने आपली नोंद पुन्हा उभी केली. त्यांचा इतिहास समजून घ्यायचा तर या नोंदींचा माग काढत जावं लागतं.

नगरं ओस पडली, लोक राहिले

माया हे एका साम्राज्याचं नाव कधीच नव्हतं. आजचा आग्नेय मेक्सिको, ग्वाटेमाला, बेलिझ आणि होंडुरास-एल साल्वादोरचा पश्चिम भाग एवढ्या प्रदेशात राहणाऱ्या, एकाच भाषाकुळातल्या सुमारे तीस भाषा बोलणाऱ्या अनेक समाजांना मिळून आपण माया म्हणतो. ग्वाटेमालाच्या डोंगरात किचे बोलणाऱ्या बाईला मेक्सिकोतल्या युकातानमधल्या माया शेतकऱ्याचं बोलणं समजत नाही, इतक्या या भाषा वेगळ्या आहेत. ग्वाटेमालाच्या २०१८ च्या जनगणनेत सुमारे ६२ लाख लोकांनी आपण माया असल्याचं सांगितलं. देशाच्या लोकसंख्येत त्यांचं प्रमाण जवळपास ४२ टक्के भरतं.

इ. स. २५० ते ९०० हा त्यांच्या इतिहासातला अभिजात काळ. तिकाल, कालाकमुल, पालेंके, कोपान ही नगरराज्यं एकमेकांशी लढत होती, सोयरिकी जुळवत होती, पुन्हा लढत होती. त्यांच्याकडे लोखंड नव्हतं, ओझी वाहणारी जनावरं नव्हती. तरी दगडी पात्यांनी चुनखडी फोडून त्यांनी उंचच उंच मंदिरं बांधली. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, विमानातून लेसर किरण सोडून केलेल्या लायडर सर्वेक्षणात उत्तर ग्वाटेमालाच्या २,१०० चौरस किलोमीटर जंगलाखाली ६० हजारांहून अधिक बांधकामं आढळली. घरं, तटबंद्या, पाणथळीतून काढलेले कालवे, उतारावर बांधलेली शेतं. त्यावरून अभ्यासकांनी अंदाज बांधला, की अभिजात काळाच्या अखेरीस मध्य सखल प्रदेशात ७० लाख ते १ कोटी १० लाख लोक राहत असावेत.

नवव्या शतकात दक्षिणेकडची बहुतेक नगरं ओस पडत गेली. पुन्हापुन्हा पडलेले दुष्काळ, न थांबणारी युद्धं, जंगल आणि जमिनीवरचा ताण, आणि पाऊस आणून देण्याचा दावा करणाऱ्या राजांवरून उडालेला विश्वास ही त्याची कारणं मानली जातात. दीर्घगणना नावाच्या माया कालगणनेतली शेवटची कोरीव तारीख तोनिना इथली आहे, इ. स. ९०९ ची. मग ‘माया लोक गूढपणे नाहीसे झाले’ असं सांगायची प्रथाच पडली. नाहीशी झाली ती राजघराणी. लोक उत्तरेला आणि डोंगरांत गेले. युकातानमध्ये चिचेन इत्सा आणि नंतर मायापान भरभराटीला आलं, डोंगरात किचे आणि काकचिकेल राज्यं उभी राहिली. लोकच उरले नाहीत असं एकदा ठरलं, की त्यांच्या जमिनीला मालक उरत नाही. म्हणून ही समजूत दिसते तितकी निरुपद्रवी नाही.

दिवसांचा हिशोब

माया राजाचा लेख बहुतेकदा तारखेने सुरू होतो, आणि ती तारीख तीन पद्धतींनी दिलेली असते. पहिली २६० दिवसांची पवित्र गणना. वीस दिवसांची नावं आणि तेरा अंक यांच्या जोडीतून ती तयार होते. दुसरी ३६५ दिवसांची सौर गणना, म्हणजे वीस दिवसांचे अठरा महिने आणि वर उरलेले पाच दिवस. या दोन्ही गणना बरोबर चालल्या, की तीच जोडी ५२ वर्षांनी परत येते. त्याहून लांबच्या काळासाठी तिसरी, दीर्घगणना. तिचा प्रारंभ इ. स. पूर्व ३११४ च्या ऑगस्टमध्ये धरलेला आहे. तिथून एकेक दिवस मोजत जायचं. वीस दिवसांचा एक गट, अशा अठरा गटांचं ३६० दिवसांचं वर्ष, वीस वर्षांचा कातुन, वीस कातुनांचा बाकतुन, म्हणजे १,४४,००० दिवस.

हे सगळं मोजायला तीनच चिन्हं पुरत. ठिपका म्हणजे एक, आडवी रेघ म्हणजे पाच आणि शिंपल्यासारखी आकृती म्हणजे शून्य. अंकाची किंमत त्याच्या जागेवरून ठरे, आणि प्रत्येक वरची जागा खालच्या जागेच्या वीसपट असे. दिवस मोजताना मात्र एका जागी अठरापट. शून्याची आणि स्थानमूल्याची कल्पना भारतात रुजली तशीच ती महासागरापलीकडे, भारताशी कसलाही संबंध नसताना, स्वतंत्रपणेही रुजली होती.

२१ डिसेंबर २०१२ रोजी या गणनेतला तेरावा बाकतुन पूर्ण झाला. ‘माया पंचांगानुसार जग बुडणार’ अशी हाकाटी जगभर झाली. माया लेखांत असं भाकीत नाही. पालेंकेचा पकाल राजा बाराव्या वर्षी गादीवर बसला आणि त्याने ६१५ ते ६८३ अशी राजवट केली. त्याच्या समाधिमंदिरातल्या लेखात त्याच्या राज्यारोहणाचा उत्सव इ. स. ४७७२ पर्यंत पुढे नेलेला आहे. जग लवकरच संपेल असं वाटणाऱ्यांनी इतक्या पुढची तारीख मोजली नसती.

२६० दिवसांची गणना तर आजही चालू आहे. ग्वाटेमालाच्या मोमोस्तेनांगोसारख्या गावांत दिवस राखणारे पुरुष आणि स्त्रिया असतात. किचे भाषेत त्यांना ‘अहकिह’ म्हणतात. कोणता दिवस पेरणीला चांगला, कोणता पूर्वजांच्या स्मरणाचा, हे ते सांगतात. राजे गेले, स्पॅनिश आले, सरकारं बदलली, तरी ही मोजणी त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या चालू ठेवली.

मानीची आग

माया लेखक उंबराच्या जातीतल्या झाडाची साल कुटून कागद करत, त्यावर चुन्याचा पातळ लेप देत आणि लांबच लांब पट्टीच्या घड्या घालून पोथी बनवत. १२ जुलै १५६२ रोजी युकातानमधल्या मानी गावात दिएगो दे लांदा या फ्रान्सिस्कन धर्मगुरूने अशा पोथ्यांची होळी केली. बाप्तिस्मा घेतलेले लोक चोरून जुन्या देवांची पूजा करतात, असा संशय होता. लोकांना टांगून, चाबकाने फोडून कबुलीजबाब घेतले गेले. देवांच्या मूर्ती फोडल्या, किमान २७ पोथ्या जाळल्या. हे पाहताना लोकांना किती यातना झाल्या, हे लांदाने स्वतःच लिहून ठेवलं आहे. आज जगात चारच माया पोथ्या शिल्लक आहेत. ड्रेस्डेन, माद्रिद, पॅरिस आणि मेक्सिको शहर इथे त्या आहेत. ड्रेस्डेनच्या पोथीत शुक्राच्या ५८४ दिवसांच्या चक्राची आणि ग्रहणांची कोष्टकं आहेत. जे जळालं त्यात काय होतं, त्याची कल्पना यावरून करावी.

लांदाची स्पेनमध्ये चौकशी झाली. तिथे असताना त्याने युकातानवर ग्रंथ लिहिला. त्यात माया ‘मुळाक्षरं’ म्हणून एक तक्ता दिला. हा तक्ता तीनशे वर्षं धूळ खात पडला, आणि सापडल्यावरही कोणाला उपयोगी पडेना. १९५२ मध्ये लेनिनग्राडमधल्या युरी क्नोरोझोव या तरुण अभ्यासकाला त्यातलं इंगित कळलं. लांदाने स्पॅनिश अक्षरांची नावं उच्चारली होती आणि माया लेखकाने त्या ध्वनीची अक्षरं लिहून दिली होती. म्हणजे माया चिन्हं ही आपल्या बाराखडीसारखी स्वरासह उच्चारली जाणारी होती. पोथीत टर्कीच्या चित्रावर दोन चिन्हं होती, कुत्र्याच्या चित्रावर दोन. टर्कीला युकातेक माया भाषेत ‘कुत्स’ म्हणतात, एका जातीच्या कुत्र्याला ‘त्सुल’. टर्कीवरचं दुसरं चिन्ह आणि कुत्र्यावरचं पहिलं चिन्ह एकच निघालं: ‘त्सु’. कु-त्सु आणि त्सु-लु. कुलूप उघडलं.

१९६० मध्ये तातियाना प्रोस्कुरियाकोफ यांनी पिएद्रास नेग्रास या माया नगरातल्या स्तंभांवरच्या तारखा मांडून पाहिल्या. एकेका गटातल्या तारखा एका माणसाच्या आयुष्यात मावत होत्या. तोवर मान्यवर अभ्यासक समजत होते, की या लेखांत फक्त ग्रहतारे आणि देव आहेत. त्यात प्रत्यक्षात जन्म, राज्यारोहणं, लढाया आणि मृत्यू होते. आता माया लेखांचा बहुतेक मजकूर वाचता येतो.

परक्या लिपीतल्या वह्या

पोथ्या जळाल्यावर माया लेखकांनी मिशनऱ्यांकडून शिकलेली रोमन लिपी हाताशी धरली. सोळाव्या शतकाच्या मध्यावर किचे सरदारांनी आपल्या भाषेत, पण रोमन लिपीत ‘पोपोल वूह’ लिहिलं. देवांनी आधी चिखलाची माणसं केली, ती विरघळली. मग लाकडाची केली, त्यांना मन नव्हतं. शेवटी आजीबाई श्मुकाने हिने पांढरा आणि पिवळा मका नऊ वेळा दळला, त्या पिठातून खरी माणसं घडली. १८ व्या शतकाच्या सुरुवातीला चिचिकास्तेनांगो गावच्या फ्रान्सिस्को हिमेनेस या धर्मगुरूने या ग्रंथाची नक्कल केली. मूळ प्रत हरवली. नक्कल आज शिकागोच्या न्यूबेरी ग्रंथालयात आहे.

मराठी वाचकाला इथे गोवा आठवावा. तिथे इन्क्विझिशन १५६० मध्ये, म्हणजे मानीच्या आगीच्या दोनच वर्षं आधी सुरू झालं. तिथेही मराठी आणि कोकणी पोथ्या नष्ट केल्या गेल्या. आणि त्याच काळात जेझुइटांनी रोमन लिपीत उतरवून घेतलेल्या रामायण-महाभारतातल्या कोकणी-मराठी कथा पोर्तुगालमधल्या ब्रागा शहराच्या ग्रंथालयात टिकल्या.

‘पोपोल वूह’बरोबरच माया घराण्यांनी जमिनीचे दस्तऐवज लिहिले. १५५४ चा तोतोनिकापानचा दस्तऐवज त्यांपैकी एक. आपले पूर्वज कुठून आले, कोणत्या डोंगरापर्यंत आपली हद्द, हे त्यात सविस्तर आहे. परक्या लिपीत लिहिलं तर परकं न्यायालय वाचेल, हे त्यांनी लगेच ओळखलं होतं.

काही ज्ञान लिहिलं गेलंच नाही, ते चुलीपाशी राहिलं. माया स्त्रिया मका चुन्याच्या पाण्यात शिजवून, भिजवून मग वाटतात. त्यामुळे मक्यातलं नायसिन हे जीवनसत्त्व शरीराला मिळतं. युरोपने मका नेला पण ही रीत नेली नाही, आणि उत्तर इटलीतल्या मक्यावर जगणाऱ्या गरिबांत नायसिनच्या अभावाने होणारा पेलाग्राचा रोग पसरला.

जमीन

स्पॅनिश सेनानी पेद्रो दे अल्वारादो १५२४ मध्ये ग्वाटेमालात घुसला. शेवटचं स्वतंत्र माया राज्य, पेतेन इत्सा सरोवरातलं नोहपेतेन, १६९७ मध्ये पडलं. जिंकायला पावणेदोनशे वर्षं लागली. बंडं त्यानंतरही होत राहिली. १८२० मध्ये तोतोनिकापानच्या किचे लोकांनी खंडणी नाकारून अतानासिओ त्सुल याला राजा म्हणून बसवलं. युकातानमध्ये १८४७ मध्ये उसाच्या मळ्यांसाठी बळकावलेल्या जमिनी आणि जबर कर यांविरुद्ध उठाव झाला. क्रूझोब म्हणवणाऱ्या बंडखोरांनी चान सांता क्रूझ इथे स्वतःचं राज्य उभारलं, आणि ते १९०१ पर्यंत टिकवलं.

ग्वाटेमालात मोठा घाव घातला तो कॉफीने. १८७१ नंतरच्या उदारमतवादी सरकारांना कॉफीसाठी डोंगरउतार हवे होते आणि तोडणीला मजूर. १८७७ च्या कायद्यांनी गावकीच्या जमिनी खासगी मालकीकडे जाण्याची वाट मोकळी केली आणि वेठबिगारीला सरकारी मान्यता दिली. १९३४ मध्ये होर्हे उबिको याच्या सरकारने भटकेगिरीविरोधी कायदा केला. ज्याच्याकडे पुरेशी जमीन नाही त्याने वर्षातले १०० किंवा १५० दिवस मळ्यावर राबायचं आणि त्याची नोंदवही जवळ बाळगायची. आता त्यांचे दिवस मळ्याचा मुकादम मोजत होता.

१९४४ च्या क्रांतीने हे संपवलं. १९५२ मध्ये हाकोबो आर्बेन्स यांच्या सरकारने मोठ्या मळ्यांची पडीक जमीन भूमिहीनांना देण्याचा कायदा केला. सुमारे एक लाख कुटुंबांना जमीन मिळाली. युनायटेड फ्रूटचीही पडीक जमीन गेली, आणि भरपाई ठरली ती कंपनीनेच करासाठी दाखवलेल्या किमतीवरून. जून १९५४ मध्ये अमेरिकेच्या सीआयएने घडवून आणलेल्या उठावात आर्बेन्स यांची सत्ता गेली. वाटलेली जमीन बहुतेक सगळी परत घेतली गेली.

हाडांची साक्ष

१९६० ते १९९६ असं ३६ वर्षं ग्वाटेमालात यादवी युद्ध चाललं. दोन लाखांहून अधिक माणसं मारली गेली किंवा बेपत्ता झाली. फेब्रुवारी १९९९ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या साहाय्याने नेमलेल्या सत्यशोधन आयोगाने अहवाल दिला. ओळख पटलेल्या बळींपैकी ८३ टक्के माया होते. नोंदलेल्या अत्याचारांपैकी ९३ टक्के लष्कर आणि त्याच्याशी संबंधित दलांनी केले होते. आयोगाने सरकारी दलांनी केलेली ६२६ हत्याकांडं नोंदवली आणि १९८१ ते १९८३ या काळात काही माया समूहांविरुद्ध वंशसंहाराची कृत्यं झाल्याचा निष्कर्ष काढला. गावं जाळली, उभा मका जाळला, दळायचे पाटे फोडले. बंडखोरांना अन्न मिळू नये, एवढंच कारण सांगितलं जाई.

हे सांगणं जिवावर बेतत होतं. जानेवारी १९८० मध्ये राजधानीतल्या स्पॅनिश वकिलातीत शिरून दाद मागणाऱ्या शेतकऱ्यांवर पोलिसांनी कारवाई केली. तेव्हा लागलेल्या आगीत जळून मेलेल्यांत विसेन्ते मेंचू होते. त्यांची मुलगी रिगोबेर्ता हिला १९९२ चं शांततेचं नोबेल पारितोषिक मिळालं. २४ एप्रिल १९९८ रोजी बिशप हुआन हेरार्दी यांनी चर्चने गोळा केलेल्या हजारो साक्षींचा अहवाल प्रसिद्ध केला. दोन दिवसांनी त्यांचा खून झाला.

तरीही पुरावे जमत गेले. न्यायवैद्यक मानववंशशास्त्रज्ञांनी गावकऱ्यांनी दाखवलेल्या जागा खणून सांगाडे बाहेर काढले, कपड्यांवरून, दातांवरून, नंतर डीएनएवरून त्यांची नावं शोधली. २००५ मध्ये जुन्या राष्ट्रीय पोलिसांचं, अस्तित्वातच नाही असं सांगितलं जाणारं दफ्तर सापडलं. सुमारे आठ कोटी पानं! १० मे २०१३ रोजी न्यायाधीश यासमिन बारिओस यांच्या न्यायालयाने माजी लष्करशहा एफ्राइन रिओस माँत याला १,७७१ इशिल माया लोकांच्या हत्यांसाठी वंशसंहाराचा दोषी ठरवलं. स्वतःच्या देशाच्याच न्यायालयाने माजी राष्ट्रप्रमुखाला या गुन्ह्यासाठी दोषी ठरवलं होतं. दहा दिवसांत घटनात्मक न्यायालयाने निकाल रद्द केला. २०१८ मध्ये, रिओस माँत मेल्यावर, दुसऱ्या न्यायालयाने इशिल लोकांचा वंशसंहार झाला होता हे पुन्हा मान्य केलं, पण समोरच्या आरोपीला सोडून दिलं. शिक्षा झाली नाही. इशिल स्त्रियांनी दिलेली साक्ष मात्र न्यायालयाच्या दफ्तरात कायमची गेली.

आजची लढाई

सीमेपलीकडे मेक्सिकोच्या चियापासमध्ये १ जानेवारी १९९४ रोजी, उत्तर अमेरिकी मुक्त व्यापार करार लागू झाला त्याच दिवशी, त्सोत्सिल, त्सेल्ताल, चोल, तोहोलाबाल मायांच्या झापातिस्ता सेनेने उठाव केला. गावकीच्या जमिनींना असलेलं घटनेचं संरक्षण मेक्सिकोने १९९२ मध्ये काढलं होतं, तो त्यांच्या संतापाचा एक मुख्य धागा होता. लढाई काही दिवसांत थांबली. त्यांचे स्वायत्त कारभाराचे प्रयोग तीस वर्षांनंतरही चालू आहेत.

मेक्सिकोच्याच कांपेचे राज्यातल्या ओपेलचेन भागात माया स्त्रिया डंख नसलेल्या मधमाश्या पाळतात. २०१२ मध्ये सरकारने तिथे जनुकबदल केलेल्या सोयाबीनला परवानगी दिली. जंगल तुटू लागलं, मध विकला जाईना. लेइदी पेच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खटला लढवला. स्थानिक समाजांना न विचारता परवाना देता येणार नाही, असा निकाल २०१५ मध्ये मेक्सिकोच्या सर्वोच्च न्यायालयाने दिला. त्याच वर्षी कॅरिबियन न्यायालयाने बेलिझच्या तोलेदो जिल्ह्यातल्या माया गावांचा परंपरागत जमीनहक्क मान्य केला. ग्वाटेमालात माया भाषांची अकादमी १९९० पासून कायद्याने स्थापन झाली आहे, २००३ च्या कायद्याने या भाषांना राष्ट्रीय भाषांचं स्थान दिलं आहे. माया भाषाशास्त्रज्ञ पूर्वजांची लिपी शिकून तिच्यात नवे मजकूर लिहीत आहेत.

२०२३ मध्ये ग्वाटेमालाच्या राष्ट्राध्यक्षपदी निवडून आलेल्या बेर्नार्दो आरेवालो यांना सरकारी वकिलांचं खातं पदावर येऊ देईना. तेव्हा तोतोनिकापानच्या ४८ कांतोनेस या किचे गावकीने हाक दिली. २ ऑक्टोबरपासून शंभराहून अधिक दिवस, हातात अधिकाराची काठी घेतलेले माया प्रतिनिधी राजधानीत त्या खात्याच्या दारात बसून राहिले. जानेवारी २०२४ मध्ये आरेवालो यांचा शपथविधी झाला. या गावकीकडे हजारो हेक्टरांचं सामुदायिक जंगल आहे. दरवर्षी निवडलेले, पगार न घेणारे प्रतिनिधी ते राखतात. देशातली निवडणूक वाचवायला ही संघटना उपयोगी पडली, कारण जंगल आणि पाणवठे वाचवता वाचवता ती शतकानुशतकं घडली होती. त्या आंदोलनाचे नेते लुइस पाचेको यांना एप्रिल २०२५ मध्ये त्याच खात्याने दहशतवादाच्या आरोपाखाली अटक केली.

१९९९ मध्ये ग्वाटेमाला हा अनेक समाजांचा देश आहे असं घटनेत लिहिण्याचा प्रस्ताव सार्वमतात पडला; मतदान वीस टक्क्यांनाही पोहोचलं नव्हतं. ते वाक्य अजून घटनेत आलेलं नाही. माया समाज आज मागतो आहे ते एवढंच: जमिनीच्या हद्दी कागदावर याव्यात, मुलांना आपल्या भाषेत शिकता यावं, न्यायालयात दुभाषी असावा, पुरलेल्या माणसांची नावं कळावीत. या मागण्या पूर्ण करणं त्या त्या सरकारांच्या हातात आहे, आणि त्यासाठी लागणारा पुरावा माया लोकांनी केव्हाच समोर ठेवला आहे.